त्या दुपारी कूलर बंद होता

प्रल्हाद,

तू गेल्यावर विहारात पुण्यानुमोदन झालं, तेव्हा जो बोलायला उठला तो तुझ्याबद्दल एकच बोलला. "शांत माणूस होता. कोणाले तरास न देता गेला." तुझ्या गल्लीतले रिटायर मास्तर तेच बोलले, तुझा चुलतभाऊ तेच बोलला, आणि गेल्याच महिन्यात ज्याचं बिलाचं मशीन तू दुरुस्त केलंस तो मेडिकलवाला डोळे पुसत तेच बोलला. मी मागच्या ओळीत बसलो होतो. मला इतका राग येत होता, की सतरंजीचा काठ मुठीत धरून ठेवावा लागला. त्रास न देता गेला म्हणे! अरे, द्यायचा होतास ना. एकदा तरी कोणाला हलवून उठवायचं होतंस. तेवढं जमलं असतं तर ती सतरंजी अंथरायची वेळच आली नसती.

आणि मला तू त्रास दिला नाहीस, हे साफ खोटं आहे. तू देऊन गेलास तो मला मरेपर्यंत पुरेल.

बोलायला मलाही बोलावलं. "त्यायचे जुने मित्र, अमरावतीचे दिलीपभाऊ." मी उठलो, तुझ्या फोटोपुढे हात जोडले आणि 'मला बोलता येणार नाही' म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. गळा बिळा काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि त्यानंतर स्वतःबद्दल जे सांगावं लागलं असतं ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

ते आता सांगतो.

अकोल्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आपण कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा आपल्याकडे जिनिंगच्या ऑफिसांतली कामं जास्त यायची. कापसाचा हंगाम सुरू झाला की महिनाभरात कॉम्प्युटरच्या पोटात रुईची गादी तयार व्हायची आणि आतले पंखे ओरडायला लागायचे. बाकीचे दुरुस्तीवाले पेचकस घेऊन थेट झाकणाला भिडत. तू खुर्ची ओढून बसायचास. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावायचास, दुसरं कॅबिनेटला. ऑफिसातले लोक हसायचे. "डॉक्टर आले, सरका." तू ऐकत राहायचास. खरखर असली तर पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलं. टकटक असली तर एखादी वायर पात्याला लागते आहे. शिट्टीसारखा बारीक आवाज असला तर जाळी बुजली आहे आणि हवेला वाट मिळत नाही.

पण अंदाज बांधून झाला तरी नाव घ्यायचं नाही, हा तुझा नियम. खिशातून धुतलेली कुल्फीची काडी काढायचास आणि फिरत्या पंख्याच्या मधोमध, पात्याला न लागू देता, हलकेच टेकवायचास. पंखा क्षणभर थांबे. आवाज थांबला? नाही? मग हा नव्हे. पुढचा.

आणि या सगळ्याच्या आधी एक पायरी होती. ती मी धामणगावला शिकलो.

आठवतं ना, तो धान्याचा अडत्या? त्याच्या ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या मी निकाल देऊन टाकला. "प्रोसेसरचा पंखा गेला."

"मशीन बंद कर," तू म्हणालास.

"बंद केल्यावर काय ऐकशील बे?"

"कर म्हटलं ना."

मी बंद केलं. खरखर चालूच. टेबलाखाली इन्व्हर्टर होता, त्याचा पंखा घासत होता. अडत्या पोट धरून हसला. "वा साहेब! दुखते एकाले अन् तुमी ऑपरेशन दुसऱ्याचं करून राहिले!" तू हसला नाहीस. परत येताना गाडीत, खिडकीबाहेर बघत म्हणालास, "दिल्या, पह्यले मशीन बंद करायचं. तरीबी आवाज येऊन राहिला, तर तो मशीनचा नाही. बाकी विसरला तरी चालते, एवढं ध्यानात ठेव."

मी बाकी सगळं ध्यानात ठेवलं. तेवढंच विसरलो.

आपलं फाटलं ते तेलावरून. मी पंख्याचं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडायचो. पंखा चिडीचूप, गिऱ्हाईक खूश. तुला ते पटायचं नाही. "तू आवाज दाबला. पंखा आतून तसाच आहे. आता तो सांगनारबी नाही." मी म्हणायचो, गिऱ्हाइकाची तक्रार आवाजाचीच असते, तो गेला की आपलं काम झालं. मग एका जिनिंगच्या ऑफिसात मी तेल सोडलेला पंखा ऐन हंगामात जाम झाला आणि मशीन जळालं. मालकापुढे तू म्हणालास, "चूक आमची आहे." आणि 'आमची' म्हणताना बोट माझ्याकडे केलंस. त्या बोटावरून मी अकोला सोडलं. अमरावतीला वेगळं दुकान टाकलं. दीड वर्ष आपण एकमेकांशी बोललो नाही.

पहिला फोन मीच केला, तेही कबूल करतो. एका बँकेतलं मशीन तीन दिवस माझ्या टेबलावर होतं आणि त्याचा आवाज मला सापडत नव्हता. दीड वर्षानंतर माझा आवाज ऐकून तू 'कसा आहेस' म्हणाला नाहीस, माझ्या बायको-पोरांचं विचारलं नाहीस, काही नाही. म्हणालास, "फोन कॅबिनेटले लाव." मी लावला. तू अकोल्यातून ऐकलंस. "आता मांगच्या पंख्याले काडी लाव. गेला? नाही ना? आता पॉवर सप्लायची वायर काढ." दहा मिनिटांत सापडलं. मी म्हणालो, "परल्या..." तू म्हणालास, "ठेवतो."

त्यानंतर चौदा वर्षं आपलं नातं असंच चाललं. अमरावतीला एखादा आवाज अडला की मी फोन कॅबिनेटला लावायचो आणि तू तिकडून ऐकायचास. माझे वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा आपण एका खरखरीवर वीस मिनिटं बोललो. शेवटी तू एवढंच म्हणालास, "जेवला का?" माझ्यासाठी तेवढं भरपूर होतं. आज त्याचाही मला राग येतो. दोन धडधाकट माणसं, पन्नाशीला आलेली, आणि बोलायला मध्ये पंखा लागतो!

आता त्या दुपारकडे येतो.

मे महिना. माझ्यासमोर उघडलेलं मशीन होतं आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. तुझा फोन आला.

"काय करून राहिला?"

"काम. बोल ना."

"काही नाही. असाच केला."

चौदा वर्षांत तू कधी 'असाच' फोन केला नव्हतास. तिथेच माझ्या हातातला पेचकस खाली पडायला हवा होता. तो पडला नाही. मी फोन खांद्यात धरून स्क्रू काढत राहिलो. तू गप्प. आणि त्या गप्प बसण्यात मला तो आवाज आला. बारीक शिट्टी, शेवटी थोडी खरखर. थोडं थांबून परत शिट्टी, परत खरखर.

"परल्या, तुह्याच मशीनचा पंखा बोंबलून राहिला बे," मी म्हणालो. "साऱ्या गावाचे दुरुस्त करतं अन् घरचा असा?"

मग विचारलंस, "तुले काय वाटते?"

"बेअरिंग. किरकोळ आहे. बदलून टाक. नाही तर मी येतो तवा नवा आणतो."

पुन्हा तोच आवाज, दोनदा. मग तू हसलास, आणि हसताना तुला खोकला आला.

"हो बे. पंखाच असन. बदलतो."

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरून सुमनवहिनींचा फोन आला. ऑटो दारात येईपर्यंत तू गेला होतास. हृदय थकलं होतं, फुफ्फुसात पाणी भरलं होतं, बऱ्याच दिवसांचं असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले. बऱ्याच दिवसांचं! आणि तू काय करत होतास? खोकल्याचं गोड औषध, तोंडात लवंग, झोपताना एकाऐवजी दोन उशा, मग तीन. हे चार महिन्यांचं सगळं मला वहिनींकडून कळलं. मला तेलावरून बोलणारा माणूस तू! माझं दुकान तू त्या एका थेंबावरून वेगळं केलंस, आणि स्वतःच्या छातीत चार महिने तेल सोडत बसलास. त्या भांडणात तू बरोबर होतास, हे मी आज कबूल करतो. पण तू समोर असतास तर हे कबूल करण्याआधी तुझी कॉलर धरली असती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या बॅगेत एक नवा पंखा होता. 'येतो तवा आणतो' म्हणालो होतो, म्हणून आणला. तेवढं तरी करावं असं वाटलं. कार्यक्रम आटोपल्यावर तुझ्या घरी गेलो आणि वहिनींना म्हणालो, "त्याच्या मशीनचा पंखा बदलायचा राहिला होता. बदलून देतो."

"बदला," त्या म्हणाल्या. त्यांना काहीही चाललं असतं.

मी मशीन चालू केलं. आवाज नाही. झाकण काढलं, वर्तमानपत्राची सुरळी केली, कान लावला. नुसता वाऱ्याचा सरळ आवाज. तुझ्या टेबलाच्या खणात काड्या होत्याच. एकेक पंखा थांबवून पाहिला. मागचा, वरचा, प्रोसेसरचा. सगळे निरोगी, सगळे स्वच्छ.

"वहिनी, हा पंखा कधी बदलला त्यानं?"

"दिवाळीत. काहून?"

"मग त्या दिवशी फोनवर जो आवाज येत होता..."

"कोणत्या दिवशी? तुमाले फोन लावला होता तवा?" त्या म्हणाल्या. "तवा तर लाईटच नव्हती, दिलीपभाऊ. गल्लीतली डीपी जळाली होती. दुपारभर कूलर बंद, मशीन बंद. मी यायले पुठ्ठ्यानं वारा घालून राहिली होती."

माझ्या हातात काडी होती. ती मी कुठे ठेवली ते आठवत नाही. त्या सहज पुढे सांगत होत्या, मला बरं वाटावं म्हणून. "मी दवाखान्यात चला म्हणून मांगंच लागली होती. तर म्हणे, थांब, पह्यले दिलीपले ऐकवतो. त्याले आवाजातलं समजते. मी पाणी आणाले गेली, येईलोक फोन ठेवलाबी होता. मी इचारलं, काय म्हणे? तर म्हणे, दिलीप म्हणते किरकोळ आहे. मंग मीबी हट्ट सोडला. म्हटलं, दिलीपभाऊ म्हणते तर असन."

प्रल्हाद, हे तू का केलंस?

तू मला तुझी छाती ऐकवलीस आणि ती छाती आहे हे सांगितलं नाहीस. माझी परीक्षा घेतलीस. बरं, घेतलीस तर घेतलीस. माझं उत्तर चुकलं हे तुला त्याच क्षणी कळलं होतं. बंद मशीनमधला पंखा आवाज करत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? धामणगावला तू 'मशीन बंद कर' म्हणाला होतास. तसंच म्हणायचं होतंस. "मशीन बंदच आहे." तीन शब्द. ते न म्हणता माझं चुकीचं उत्तर तू उचललंस आणि दवाखान्याच्या चिठ्ठीसारखं वहिनींपुढे धरलंस. तुला जायचं नव्हतं, म्हणून माझं नाव वापरलंस. कोणालाही त्रास न देणारा माणूस! जी बाई तुला ओढत दवाखान्यात नेणार होती, तिचा हात तू माझ्या एका शब्दाने सोडवून घेतलास.

एवढा राग लिहून झाला, तरी माझ्या बाजूचं काही कमी होत नाही. ते लिहितो. मी विचारलं नाही, मशीन चालू आहे का. पहिली पायरीच चुकवली. शिवाय अकोल्यात, मे महिन्यात, भर दुपारी, घरातून आलेल्या फोनमागे कूलरची घरघर नव्हती. आपल्याकडे त्या दिवसांत कोणाच्याही घरी फोन लावा, आधी कूलर ऐकू येतो आणि मग माणूस. त्या दिवशी नुसता माणूस ऐकू येत होता आणि माझ्या कानाला ते लागलं नाही. पंख्याची खरखर चढत नाही, उतरत नाही, मध्ये थांबून परत सुरू होत नाही. ती एका चालीने चालते. हे तू मला शिकवलंस, मी इतरांना शिकवलं. मला ते सगळं ऐकू आलं होतं आणि मी स्क्रू काढत होतो.

आणि सर्वांत वाईट पुढेच आहे. वहिनींनी ते सांगितल्यावर मी त्यांना खरं सांगितलं नाही. तेवढ्यात पाहुणे आले, हे निमित्त. मी तुझ्या मशीनमधला चांगला पंखा काढला, त्या जागी दुसरा चांगला पंखा बसवला, झाकण लावलं आणि अमरावतीची बस धरली. वहिनी दारात म्हणाल्या, "यायचा तुमच्यावर लय भरोसा होता." मी मान हलवली. दिलीपभाऊने ऐकलं होतं आणि त्यांना किरकोळ वाटलं होतं, एवढंच त्या धरून बसल्या असणार. म्हणजे त्यांच्या लेखी चूक झाली ती छातीचा आवाज ओळखण्यात. मी तो पंख्याचा समजलो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आवाज दाबायचं ते तेल मी त्यांच्यावरही वापरलं.

परवाच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. फोन खांद्यात धरला होता इथपासून ते 'येतो तवा आणतो' इथपर्यंत. तू काय विचारलंस आणि मी काय म्हणालो, शब्दाला शब्द.

त्यांचे हात ताटावर थांबले.

"म्हणजे यायनं तुमाले सांगतलंच नाही, का छाती आहे म्हून?"

"नाही."

"अन् तुमाले वाटलं, पंखा आहे."

"हो."

त्यांनी ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मले आता हे कायले सांगून राहिले तुमी? तुमाले हलकं वाटावं म्हून?"

थोडं तसंही होतं, हे मी म्हणालो.

"माफी मांगू नका," त्या म्हणाल्या. "मी नाही करत. यायलेबी नाही करत. पंधरा दिवस मी सोताले खाऊन राहिली, का म्या हट्ट काहून सोडला. अन् तुमी दोघं तिकडे पंखा पंखा खेळत होते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "तो नवा पंखा काढा. यायनं बसवला होता तोच बसवा. अन् तुमचा घेऊन जा."

जुना पंखा मी त्या दिवशी टेबलाच्या खणात ठेवला होता. मी तो परत बसवला. वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. तू बसवताना त्या अशाच उभ्या राहत असतील का, मला माहीत नाही. स्क्रू आवळून झाल्यावर मी सवयीने मशीन चालू करायला हात पुढे केला.

"राहू द्या बंद," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी चहा विचारला नाही. आपल्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पण मी बसमध्ये बसलो आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या मुठी सुटल्या. त्या माझ्यावर चिडल्या होत्या, खऱ्या गोष्टीवर चिडल्या होत्या. तुझ्यासारखं हसून त्यांनी फोन ठेवला नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही. तो गेला तर मीही विहारात उभा राहून म्हणेन, शांत माणूस होता.

सोमवारी दुकान उघडलं. बडनेऱ्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. कॉम्प्युटरमधून लय आवाज येते म्हणे, ऐकता का जरा, फोन जवळ नेतो.

"थांबा," मी म्हणालो. "पह्यले मशीन बंद करा."

"बंद केल्यावर आवाज कसा येईन, भाऊ?"

"करा तर खरं."

त्याने केलं. त्याच्या घरात कूलर चालू होता, मागे कोणीतरी भांडी घासत होतं. मी कान लावून त्याचा श्वास ऐकला. दोनदा, तीनदा. सरळ होता.

"हॅलो? भाऊ, आहे ना तुमी? काय ऐकून राहिले?"

"काही नाही," मी म्हणालो. "आता चालू करा."